हरभऱ्याचं माप

पहिल्या दिवशी धावजी लहांग्यांनी
नकाशा दिला नाही, दोर नाही, होकायंत्र नाही.
फावडं दिलं.
"लीद बघ," म्हणाले, "आणि मला सांग, काल काय झालं."

मला सांगता आलं नाही.
मी पिंपळगावच्या पॅकहाउसातून आलेली.
अठरा मिलिमीटरच्या कड्यातून
द्राक्षाचा मणी जातो की अडतो,
एवढंच बोटांना ठाऊक.
लिदीत काय बघायचं असतं?

ओलावा. आख्खे राहिलेले दाणे.
गोळा पायाने मोडावा, पसरू नये.

अंजनेरीच्या पायथ्याला पत्र्याचा तबेला,
पाच तट्टं आणि जोंधळी.
जोंधळी वरातीतली. पंचवटीत अकरा वर्षं
जनरेटरच्या उजेडात नवरदेव वाहिले तिने.
अजूनही खाली गावात हळदीचा बेंजो वाजला
की दावणीलाच पुढचा पाय उचलते
आणि धरून ठेवते,
कुणी शाबास म्हणेपर्यंत.

वाट तीन आठवड्यांत येते, धावजी म्हणायचे,
करवंदीची जाळी, निसरडा कातळ, खोटी पायवाट,
सगळं येतं.
घोडं येत नाही.

आधी पाणी, मग गवत, मग दाणा.
घोड्याला ओकता येत नाही, पोरी,
जे गिळलं ते शेवटपर्यंत न्यावं लागतं त्याला.
गवत म्हणजे जेवण,
हरभरा म्हणजे पानाच्या डाव्या बाजूचं लोणचं.
रात्रभर भिजवायचा, चिपट्याने मोजायचा,
मोजून झाल्यावर हात आखडायचा.
मिठाचा खडा गव्हाणीत कायम.
हिरडी दाबायची: पांढरी पडते,
दोन म्हणेस्तोवर गुलाबी यायला हवी.
तीन म्हणावं लागलं तर माझ्याकडे पळत ये.

आणि कान लाव इथे, कुशीला.
मी लावला.
आत लांबच्या खोलीत
कुणीतरी भांडी हलवत होतं.

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी
पठारावर पाण्याचे कॅन पोचवून ती उतरली,
घामाने काळी पडलेली.
मला राहवलं नाही.
दुसरं चिपटं ओतलं, काठोकाठ.
कुणाला सांगितलं नाही.

दहाच्या सुमाराला ती स्वतःच्या पोटाकडे
वळून वळून बघायला लागली,
खुराने जमीन उकरली, बसली, लोळली.
कान लावला तर त्या खोलीत
कुणीच नव्हतं.

डॉक्टर त्र्यंबकहून निघाले होते,
वाटेत गाडी पंक्चर.
तिला चालवायचं होतं, पण ती उठेना.
मी ओढलं, रडले, शिव्या दिल्या.
धावजींनी पत्र्याचा डबा उपडा घेतला
आणि दोन काटक्यांनी
वरातीचा ठेका धरला.

जोंधळीने मान वर केली.
मग गुडघे, मग सगळं अंग,
थरथरत, तबेल्याच्या अंधारात
नवरदेवाविना उभी राहिली
आणि पुढचा पाय उचलून धरला.

"शाबास म्हण," धावजी ओरडले, "शाबास म्हण की!"

मग विहिरीपासून कुंपणापर्यंत,
कुंपणापासून विहिरीपर्यंत.
तीन वाजता डॉक्टर, इंजेक्शन, नाकातून नळी.
परत चालणं. माझ्या चपलेचा अंगठा तुटला,
तो दोरीने बांधला, तरी चालणं.
ब्रह्मगिरीच्या मागे चांदणी उतरली तेव्हा
शेपूट उचललं गेलं.
चार गोळे. वाफाळते.
एवढं सुंदर मी काही मोजलं नव्हतं.

धावजींनी फावडं माझ्या हातात दिलं.
"हं. काल काय झालं?"

सांगितलं. दुसऱ्या चिपट्यासकट.
ते काही बोलले नाहीत.
हरभऱ्याच्या पिंपाला त्या दिवसापासून कुलूप लागलं,
किल्ली मात्र माझ्याकडेच.

आता मी माणसं घेऊन वर जाते.
परवा कुणीतरी दम लागलेला, हसत म्हणाला,
मी ठीक आहे, चला.
मी त्याच्या ओठांकडे बघितलं,
मनात एक म्हटलं,
दोन म्हटलं,
आणि सगळ्यांना खाली बसवलं.